श्रवण नक्षत्र लागेपर्यंत

आमच्या इंदुरीच्या वाचनालयात एक प्रथा आहे. दरवर्षी एका कादंबरीकारास आम्ही एक विषय कळवतो आणि त्या विषयावर त्याला प्रिय असलेल्या पाच कादंबऱ्या त्याने सुचवाव्यात, अशी विनंती करतो. वर्षभर त्या वाचायच्या आणि दसऱ्याच्या सकाळी त्याच कादंबरीकारासमोर बसून त्यांविषयी बोलायचे. ज्या वाचकाचे बोलणे पाहुण्याच्या अंतःकरणास भिडेल, त्याने पुढील वर्षाचा विषय सांगायचा. शाल नाही, श्रीफळ नाही, मान एवढाच. परंतु त्या मानासाठी गावातील माणसे किती आतुर असतात, हे मी वाचनालयाचा अध्यक्ष या नात्याने अनेक वर्षे पाहत आलो आहे.

गतवर्षी तो मान बजरंगाने मिळवला. दूधडेअरी सांभाळणारा हा गृहस्थ तेव्हापासून वेगळ्याच डौलात चालत असे. ‘परतणारी माणसे’ हा विषय त्याचाच. तुंगार्लीस राहणाऱ्या कादंबरीकार ज्योत्स्ना गराडे यांनी त्यावर पाच कादंबऱ्या निवडल्या. त्यांतील पाचवी बाजारात मिळत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाटातील प्रत आमच्याकडे धाडली. अवघ्या गावात ती एकच प्रत.

ती वाचण्याचे काम आपसूकच जाहिदाकडे गेले. तिचे शिलाईचे दुकान वेशीजवळ आहे. संध्याकाळी यंत्रावर आच्छादन घातले की ती ओट्यावर बसून मोठ्याने वाचते आणि दहा-पंधरा माणसे ऐकतात. एकत्र वाचायचे, कोणी एकट्याने पुढे डोकवायचे नाही, हा त्या ओट्याचा दंडक. जाहिदाचा स्वर स्वच्छ आहे, समज त्याहून स्वच्छ. तरीही विषय सांगण्याचा मान तिला आजवर एकदाही मिळाला नव्हता. या वर्षी तो मिळवायचाच, असे तिने मनाशी घेतले होते.

“पन विषय काय देशील?” बजरंगाने तिला डिवचले होते.

“मान तर हाती येऊ द्या, भाऊ. विषय काय, रस्त्यात सापडंल.”

पाचव्या कादंबरीची कथा अशी. घरात वाद झाल्याने एक तरुणी गाव सोडून बंदराच्या शहरी जाते. सारे आयुष्य खानावळीत राबते. केस पांढरे झाल्यावर ती परत येते आणि आपल्याच घराच्या दारावर थाप मारते. तिथे प्रकरण संपते. त्यानंतरची दोन प्रकरणे उरली होती आणि नवरात्राची सप्तमी उजाडली.

येथे माझा आचार आड आला. मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन करून ग्रंथ स्थापन करावेत आणि श्रवण नक्षत्रावर विसर्जन करावे; तोवर स्थापिलेले ग्रंथ उघडू नयेत, वाचू नयेत, शिकवू नयेत. हा अनध्याय मी बालपणापासून पाळत आलो आहे. यंदा पाहुणीने निवडलेली पाचही पुस्तके वाचनालयातील देवीसमोर असावीत, अशी इच्छा मला झाली. मी जाहिदाकडून पाचवे मागवले. तिने ते स्वतः आणून दिले. ते वाचून झाले असणार, हे मी गृहीत धरले. पूजा आटोपली की पुस्तक परत मिळणार, हे तिने गृहीत धरले. मी पाचही ग्रंथ पिवळ्या वस्त्रात बांधले, वर पत्री-पुष्पे वाहिली आणि नमस्कार केला.

दुपारी ती आली. “गुरुजी, झाली का पूजा? द्या पुस्तक. आज शेवट वाचायचाय.”

मी तिला अनध्यायाचा नियम सांगितला. ती त्या पिवळ्या गाठोड्याकडे पाहत राहिली.

“म्हंजी दसऱ्यापर्यंत?”

“दसऱ्यापर्यंत.”

“आन् दसऱ्याला तर बाई येणार. शेवट न वाचता मी काय बोलू?”

पुस्तक सोडवून घेण्यासाठी ती हुज्जत घालील, असे मला वाटले होते. तिने तसे केले नाही. “नियम म्हंजी नियम,” ती म्हणाली. “रोजा सुटायच्या आधी मीबी खजूर तोंडात घालत न्हाई.” आणि ती दुकानाकडे परतली.

त्यानंतर गावाची जी अवस्था झाली, ती मी आधी कधी अनुभवली नव्हती. दार कोण उघडणार, याखेरीज दुसरा विषयच उरला नाही. डेअरीवर दुधाचे माप थांबवून माणसे तर्क लढवू लागली. वाचनालयात फुले आणून देणाऱ्या वयस्क रतनबाई ठामपणे म्हणत, “आईच उघडंल. दुसरं कोन?”

“मावशी, आई आता शंभरीची असंल,” बजरंग म्हणे.

“मग काय झालं? तुझ्यासमोर मी न्हाई का जित्ती?”

बजरंगाचे मत होते की दार कोणीच उघडणार नाही, घर ओस पडलेले असणार. विषय माझा, म्हणून शेवटही मलाच कळतो, असा त्याचा आविर्भाव. एकदा मी त्याला गाठोड्याशी रेंगाळताना पाहिले.

“काय रे?”

“दर्शनाला आलतो, गुरुजी.”

“सकाळीही आला होतास.”

“भक्ती वाढलीया.”

“भक्ती वाढली की हात जोडतात. गाठ चाचपत नाहीत.”

तो हसत निघून गेला. ज्योत्स्नाताईंना फोन करून शेवट विचारावा, असेही कोणी सुचवले. जाहिदाने ते धुडकावले. “त्यांनी सांगितलं तर तो त्यांचा शेवट. मला पानावरचा पायजे.”

मला स्वतःविषयीही काही सांगितले पाहिजे. ज्या संस्कृत काव्यांच्या अध्ययनात माझे आयुष्य गेले, त्यांचा शेवट श्रोत्यांस आरंभीच ठाऊक असतो. कवी तो कसा गाठतो, यातच रसिकाचा आनंद. दार उघडण्याची अशी वाट मी कधी पाहिली नव्हती. संध्येस बसलो असतानाही ती वृद्धा माझ्या डोळ्यांसमोर दाराशी उभी राही. अशा वेळी मंत्र चुकला, तर पुन्हा आरंभ करावा लागे.

जाहिदाने नियमाचा मान राखला होता. त्या नियमाने तिचा घास हिरावला जाऊ नये, हे पाहणे माझे कर्तव्य होते. मी पंचांग उघडले. दशमीस सूर्योदयापूर्वीच श्रवण नक्षत्र लागत होते. त्याच्या प्रथम चरणात विसर्जन करणे शास्त्रसंमतच नव्हे, तर उत्तम. पाहुणी येणार दहा वाजता. मी तडक वेशीवर गेलो.

“जाहिदा, दसऱ्याला पहाटे वाचनालयात ये. देवी लवकर निघणार आहे.”

तिच्या हातातील कात्री तशीच थांबली. मग ती हळूच हसली. “चहा मी आणते, गुरुजी.”

दशमीस मी पोहोचलो, तेव्हा गावच्या किल्ल्याच्या बुरुजावर फटफटत होते. जाहिदा आलीच होती, तिच्यासोबत ओट्यावरचे सारे श्रोते आणि ओट्यावर कधीही न बसलेली अर्धी आळी. मी उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या. मग गाठ सोडली. पाचवे पुस्तक मी जाहिदाच्या हाती दिले. तिने ते डोक्यास लावले आणि खूण ठेवलेले पान उघडले.

दोन प्रकरणे. रतनबाईंचा आईचा तर्क पहिल्याच पानावर फोल ठरला. घरात कोणी ओळखीचे नव्हते. दार उघडले ते एका अनोळखी मुलीने, ती भाडेकरू. वृद्धेने आपले नाव सांगितले. मुलीने दाराआडचा माठ दाखवला, काठोकाठ भरलेला. घर भाड्याने देताना वृद्धेच्या भावाने एकच अट घातली होती: दाराशी रोज ताजे पाणी भरून ठेवायचे, माझी बहीण तहानलेली येईल. भाऊ वारला. मुलगी पाणी भरत राहिली. वृद्धा ओंजळीने पाणी पिते आणि तिथे पुस्तक संपते.

जाहिदाने पुस्तक मिटले. तेवढ्यात माझे लक्ष दाराकडे गेले. चपलांच्या ढिगाशेजारी, खालीच, एक बाई बसल्या होत्या. नदीकाठ पाहावा म्हणून ज्योत्स्नाताई लवकर निघाल्या होत्या आणि वाचनाचा आवाज ऐकून आत आल्या होत्या.

मी त्यांना पुढे आणले. सतरंजी, तांब्या, स्वागत सारे राहून गेले. सभा जिथल्या तिथे सुरू झाली आणि सगळे एकदमच बोलू लागले. ताई हसून म्हणाल्या, “एकेक. आधी ज्यांनी वाचलं त्यांनी.”

जाहिदा उभी राहिली. “मला वाटलेलं, दाराला कुलूप असंल. माझं चुकलं, आन् चुकलं म्हनून बरं वाटतंय. पन ताई, एक इचारू? तुमी पाच पुस्तकं दिली. पाचीत परत येणारा दारापर्यंत कसा आला, तेच हाय. त्याची वाट, त्याचं दुःख. ह्या पोरीनं इतकी वर्सं पानी भरलं, तेबी कधी न बगितलेल्या बाईसाठी, आन् तिला मिळाली दीड पानं. तिच्या मनात काय होतं? ते कुठल्या पुस्तकात हाय?”

ज्योत्स्नाताईंची बोटे मांडीवर भराभर चालू लागली, मनातल्या मनात कपाट धुंडाळावे तशी. मग त्या माझ्याकडे वळल्या. “गुरुजी, पुढच्या वर्षीचा विषय यांनी आत्ताच सांगितला.”

“मी कुटं सांगितला?” जाहिदा गोंधळली.

“मागं राहिलेली माणसं,” बजरंग म्हणाला. मान आपल्या हातून गेल्याचे त्याला बहुधा नंतर उमगले.

जाहिदाने तोंडावर पदर घेतला. रतनबाईंनी तिच्या पाठीवर जोरात थाप मारली. ताई पुढल्या वर्षाच्या कादंबरीकाराचे नाव विचारत होत्या. त्यास आपण स्वतः फोन करून हा विषय सांगणार, असे म्हणत होत्या. किटलीतला चहा निवून गेला होता आणि तोच सगळे पीत होते.

मी ग्रंथ आवरू लागलो, तेव्हा बजरंग जवळ आला. “गुरुजी, पुढल्या नवरात्रात पाचव्या पुस्तकाची दोन प्रकरनं राहूनच द्यायची. आमी मुद्दाम ठेवनार. तुमी फक्त गाठ घट्ट बांदा.”

“शास्त्रात असे मुद्दाम करणे नाही,” मी म्हणालो.

“असंल की,” जाहिदा मागून म्हणाली. “पंचांग उघडून बगा.”