फळ्यामागची रंगवलेली भिंत

मी कचेरीच्या फाटकाशेजारचा नोटिशीचा फळा बोलतोय. बोलायची मला हौस नाही. चाळीस वर्षं गप्प टांगलेला होतो. पण अहवालात माझ्यावर खापर फोडलंय, म्हणून तोंड उघडावं लागतंय.

एका सुतारानं जुन्या दाराच्या लाकडातून मला ठोकून काढलं. मला वाचता येत नाही. लोक समोर उभे राहून मोठ्यानं वाचतात, तेवढीच माझी शाळा. टाचण्यांनी अंगाची चाळण झाली, तरी कधी कागद पडू दिला नाही.

यंदा शिवणकाम करणारी एक बाई निवडणुकीत अकरा मतांनी पडली. तिनं फेरमोजणी मागितली. नियम सरळ आहे. जागा, दिवस, वेळ लिहून नोटीस तीन दिवस आधी बाहेर लावायची, म्हणजे उमेदवाराला समोर बसून मोजणी बघता येते. हेडक्लार्कनं नोटीस वेळेवर लावली, हे खरं. पण त्याच दुपारी रंगारी आला.

"फळ्याच्या कडेकडेनं मारू का रंग?"

"कडेकडेनं कशाला? उतरव, ठेव आत. भिंत एकसारखी दिसू दे," हेडक्लार्क म्हणाला.

झालं! तीन दिवस नोटिशीसकट मी अडगळीत, तोंड भिंतीकडे करून.

बाई रोज यायची, मला आतून ऐकू यायचं. "दादा, नोटीस लागली का?"

पहारेकरी म्हणायचा, "बाहेर बघा, ताई."

"बाहेर नुसता रंग आहे."

"मग वाळला की लागेल."

मोजणीच्या सकाळी मला परत टांगलं. बाई आली तोवर मोजणी उरकली होती.

तिनं तक्रार केली. मोठे साहेब बघायला आले. हेडक्लार्क छातीठोकपणे म्हणाला, "फळा जागचा हललेला नाही, साहेब."

बाईनं मला खिळ्यावरून उतरवलं. मागची भिंतही ताजी रंगवलेली, बोटभर जागा सुटलेली नाही. साहेबांनी त्या रंगावरून बोट फिरवलं. मग त्यांनी बाईची माफी मागितली.

पुन्हा नोटीस, पुन्हा मोजणी. या खेपेला बाई समोर बसली. नऊ मतांनी पडली. जाताना माझ्याजवळ थांबून सोबत आलेल्या भावाला म्हणाली, "पडले ती माझ्या डोळ्यांदेखत पडले. आता मनात काही नाही."

अहवाल मात्र हेडक्लार्कनं लिहिला. त्यानं तो शिपायाला वाचून दाखवला, तेव्हा ऐकला मी. 'फळा जीर्ण असल्यामुळे नोटीस दिसली नाही.' जीर्ण म्हणे!

उद्या मला उतरवणार आहेत, सरपणासाठी. उतरवा. पण नव्या फळ्यावर नोटीस असताना रंगारी आला, तर फळा बाहेरच टेकवून ठेवा, लोकांच्या नजरेसमोर. बाकी कुणाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी माफी मागायला हवी ती एकाच माणसानं, हेडक्लार्कनं.