तळाशी अक्षता

ज्याच्या सात पिढ्यांत कोणी मासोळीला हात लावला नाही, त्या योगेंद्रनं मासे शोधायचं मशीन आणलं, तेव्हा तळेगावच्या बाजारात लोक हसले. हसेनात का! त्याला मासे नकोच होते. धरणाच्या पाण्याखाली गेलेली बाबांची विहीर हवी होती.

पाण्यात आवाज सोडणारी मशीनची डबी त्यानं भोक न पाडता कयाक होडीच्या आतून, तळाला सिलिकॉननं चिकटवली. दुसऱ्या दिवशी धरणावर गेला, तर मशीनचा पडदा कोराच. संतापून त्यानं डबी उचकटली. खाली हळदकुंकू अन् तांदळाचे दाणे!

"बाबा, हे काऊन?"

"तू चहाले गेलता तवा डबी उचलून खाली ठेवल्या अक्षता," प्रभाकरराव म्हणाले. "नवी वस्तू बिनपूजेची बसवतेत काय?"

"दाण्यांनी खाली हवा राह्यली ना! आवाज तिथंच अडकते, पाण्यात जातच नाई."

योगेंद्रनं सगळं खरवडलं, एकही बुडबुडा राहू न देता डबी पुन्हा बसवली, आणि सिलिकॉन वाळल्यावर बाबांना पुढं बसवून कयाक पाण्यात लोटली. आता पडद्यावर तळ दिसू लागला. काठावरच्या ओळखीच्या टेकडीसमोर येताच बाबांनी हात वर केला. "इथंच."

पडद्यावर सपाट रेघ होती. विहीर गाळानं कधीचीच बुजली होती.

बाबांनी खिशातून अक्षतांची मूठ काढली आणि कयाकला लागून पाण्यात उघडली. पडद्यावर बारीक ठिपके उमटले, हळूहळू खाली उतरत गेले आणि रेघेला टेकले.

"पोचल्या, बाबा," योगेंद्र म्हणाला.