वरच्या साहेबांची खोली

माजी सैनिक कल्याण कार्यालयात मी अकरा वर्षं उपप्रमुख आहे. उपप्रमुख नेमकं काय करतो, असं कुणी विचारलं की मी आजही चष्मा पुसायला घेतो. फाईल खालून येते. मी ती वाचतो, चुका काढतो, शेवटी लिहितो, ‘योग्य वाटते, मान्यतेसाठी सादर’, आणि ती वर जाते. वर म्हणजे समोरच्या खोलीत, बारा पावलांवर. ‘हो’ म्हणणं माझ्या कामात बसत नाही आणि ‘नाही’ म्हणणंही बसत नाही. सगळी नोकरी तळ्यात-मळ्यात चालली आहे.

गेल्या महिन्यात साहेबांची बदली झाली. नवे साहेब येईपर्यंत दोन्ही पदांचं काम मीच बघावं, असा आदेश आला. शिपायाने वरच्या खोलीची किल्ली माझ्यासमोर ठेवली, ती मी त्यालाच परत दिली. नवे साहेब कधी टपकतील याचा नेम नाही, आणि त्यांच्या खुर्चीत मी पाय पसरून बसलेला सापडलो तर शोभा कुणाची? “रोज झाडून घेत जा,” एवढं मात्र बजावलं. बाकी आमचं होतं तसं सुरू राहिलं.

बुधवारी निरोप्या आला. लढाईत हा माणूस मोटरसायकलवरून एका छावणीतून दुसऱ्या छावणीत निरोप पोचवायचा, म्हणून अजूनही सगळे त्याला निरोप्याच म्हणतात. आता त्याला उजेड-अंधार तेवढा कळतो. टेबलाची कड चाचपत तो बसला.

“साहेब, माझा जोडीदार आपल्या सैनिक निवासात आहे. जळत्या ट्रकखालून मला ओढून काढलं होतं त्यानं. आता अंथरुणाला खिळलाय. डॉक्टर म्हणतात, महिनाभर काढला तरी खूप.”

“मग काका?”

“त्याच्या खोलीतली दुसरी खाट रिकामी झालीय. ती मला द्या. तो कुणाला ओळखत नाही, पण माझा आवाज ऐकला की हसतो.”

रिकामी खाट सोमवारी दुपारी बारापर्यंत राखून ठेवतात, मग ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. मला गलबलून आलं, खोटं कशाला बोलू. मी त्याच दिवशी फाईल केली. औषधालासुद्धा चूक नव्हती. सही ठोकली आणि शिपायाला म्हटलं, “लगेच वर ने.”

गुरुवारी निरोप्या दोन खोल्यांमधल्या बाकावर येऊन बसला.

“साहेब, झालं का?”

“वर गेलीय, काका. होईल आज-उद्या.”

शुक्रवारी पुन्हा तेच. “अजून वरच आहे,” मी म्हणालो, आणि खरं सांगतो, मला वरच्यांचा राग आला. चार ओळींची फाईल, त्यात एवढं काय चिवडत बसायचं? माणूस बाकावर ताटकळलाय, याची काही चाड? संध्याकाळी घरी जाताना त्या बंद दाराकडे मी चांगलं डोळे वटारून बघितलं.

शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी सकाळी माझा चहा पुढ्यात गार झाला.

“कसला घोर लागलाय एवढा?” बायकोने विचारलं.

“त्या निरोप्याची फाईल गं. वर अडकलीय.”

“वर कोण आहे हल्ली? तुमच्या साहेबांची तर बदली झाली ना?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

“अहो, वर कोण आहे?”

“मी,” मी म्हणालो.

ती हसली. मला हसू येईना.

धावतपळत ऑफिस गाठलं, तर शिपाई रजेवर आणि किल्ली त्याच्या खिशात. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षा करून गेलो, किल्ली घेऊन परत आलो, दार उघडलं तेव्हा घड्याळात सव्वाबारा झाले होते. खोली लख्ख झाडलेली. टेबलावर सतरा फायली, कडेला कड लावून रचलेल्या, आणि प्रत्येकीवर माझीच सही: मान्यतेसाठी सादर. मी कुणाला सादर केल्या होत्या? डोकं भणभणायला लागलं. उभ्याउभ्याच निरोप्याची फाईल मंजूर केली आणि निवासाच्या मेट्रनबाईंना फोन लावला.

“ती खाट बाराला दिली, साहेब. नवीन माणूस सामान लावतोय.”

“मग तिसरी टाका त्याच खोलीत.”

“खोली दोघांची आहे. तिसरी टाकायची तर प्रमुखांची परवानगी लागते. तुम्ही उपप्रमुख ना?”

“थांबा, विचारून सांगतो,” असं मी म्हणालो. सवयीनं. आणि फोन कानाला धरून दाराकडे बघत राहिलो. विचारायचं कुणाला? दारात कुणीच नव्हतं. पलीकडे बाकावर निरोप्या मान वर करून कानोसा घेत होता.

“हॅलो? साहेब?”

“दिली परवानगी,” मी म्हणालो. “तासाभरात सही करून कागद पाठवतो. खाट आत्ताच टाका.”

मी फोन खाली ठेवला. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा कुणाला काही दिलं होतं, आणि तेही पाच दिवस उशिरा, अडचणीतल्या तिसऱ्या खाटेवर.

मी बाहेर आलो. निरोप्या काठी टेकत उठला.

“वरच्या साहेबांनी ऐकलं का?”

“ऐकलं, काका. फार उशिरा ऐकलं. खोलीत जरा दाटी होईल, पण आजच जा तुम्ही.”

त्याने माझा हात चाचपून दोन्ही हातांत धरला. खरं काय ते सांगून टाकावं, असं जिभेवर आलं होतं.

“तुम्ही त्यांच्याशी भांडला असणार, कळतं मला,” तो म्हणाला. “त्यांचे उपकार झाले म्हणावं. एवढा निरोप त्यांना पोचवा.”

“पोचवतो,” मी म्हणालो.