बारुदीच्या डब्याला डाख

फागुनातली सकाळ. पळस पेटलेला. टेकडीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत नुसता लाल, निर्लज्ज, निष्पर्ण, केशरज्वाल पळस. आणि त्या आगीच्या मधोमध, काटेरी तारेच्या आत, बारुदीचा कारखाना.

जिथे काडेपेटी नेली तर नोकरी जाते, तिथे अख्खं रान जळत उभं. फाटकावर माणसांचे खिसे उलटे करून बघतात. बायांच्या पायातली जोडवी काढायला लावतात, केसातले आकडे काढायला लावतात. पळसाला कोण विचारतं.

बारूद मोठी नाजूक. तिला ठिणगी सोसत नाही, ऊन सोसत नाही, ओल तर मुळीच सोसत नाही. ओल लागली की ती आतल्या आत कुढते आणि ऐन वेळी अर्धीच जळते. अर्ध्या जळल्या बारुदीवर निघालेला गोळा अर्ध्या वाटेत पडतो. शत्रूच्या अलीकडे. आपल्याच पोरांवर.

म्हणून डबा.

तोफांच्या गोष्टी सगळे सांगतात. डब्याची कोण सांगतो? आधी लाकडी पिंपं होती, तांब्याच्या पट्ट्यांनी आवळलेली. कारण लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी उडते आणि तांबं गुमान राहतं. पण लाकूड मेलं तरी जिवंत. श्रावणात फुगायचं, वैशाखात आकसायचं, फटीफटीतून श्वास घ्यायचं, आणि त्या श्वासाबरोबर ओल आत. मग लाकडी खोक्याच्या पोटात पत्र्याचं अस्तर आलं. मग झाकणाच्या काठावर मेणाचा न् चरबीचा लेप आला. मग रबराची कडी आली. मग लाकूड गेलंच. नुसता पत्र्याचा उंच, गोल, चंद्रफिका डबा राहिला. पत्र्याच्या दोन कडा एकमेकींवर आणायच्या, कथील न् शिसं वितळवून त्या सांध्यावर ओढायचं. तो डाख. डाख बसला की आतलं आत, बाहेरचं बाहेर.

पिढ्यान्‌पिढ्या माणसं एवढंच शिकत आली, बंद कसं करायचं. उघडायचं कसं, ते कुणी शिकवलं नाही.

शालिक डाख द्यायचा, बारुदीपासून लांबच्या शेडीत.

कासारआळीतला पोरगा. लांब बोटांचा, खाली मानेचा, मितभाषी, ताम्रवर्ण. त्याच्या बापानं, आज्यानं, पणज्यानं पाणी आत ठेवायची भांडी केली. गुंड केले, हंडे केले, घागरी केल्या. स्टील आलं, आळीतल्या भट्ट्या विझल्या, आणि शालिक तारेच्या आत आला. आता त्याच हातानं तो पाणी बाहेर ठेवायची भांडी करत होता. हात तोच. पाणी तेच. फक्त पाण्याची बाजू बदलली.

कासारआळीचा एक रिवाज होता. विकलेलं भांडं गळलं, तर गिऱ्हाइकानं ते परत आणायचं नाही. करणाऱ्यानं स्वतः त्या दारात जायचं. मान खाली घालून भांडं उचलायचं. त्या घरचं पाणी मागून प्यायचं. पाणी दिलं की राग फिटला. शालिकच्या बापाला असं पाणी जन्मात कधी प्यावं लागलं नव्हतं. म्हातारा आळीतून चालायचा तो याच तोऱ्यात.

आणि हौदावर फुलवंता.

ढिवरांची पोरगी. तलावाकाठची, सावळी, सडसडीत, जलनयना. पाण्यावर बुडबुडा आला की खाली रोहू आहे, मरळ आहे, का नुसता चिखल उसासतोय, ते तिला काठावरून कळायचं. कारखान्यानं तिचे डोळे कामाला घेतले. डब्यात हवा भरायची, झाकण आवळायचं, डबा हौदात बुडवायचा. डबा धड असेल तर पाणी गप्प. सुईच्या टोकाएवढं जरी भोक असलं, तर तिथून एक बुडबुडा. मग दुसरा. मग नाजूक, थरथरती, रुपेरी माळ. फुलवंता तिथे खडूनं गोल काढायची. डबा परत.

शालिकचा पहिला डबा खरोखरच गळला. एकदा होतं तसं कुणाचंही.

परतीचे डबे हातगाडीवरून यायचे. पण शालिक कासारआळीतला. तो गाडीची वाट बघत बसला नाही. उठला, शेड ओलांडली, हौदाशी येऊन मान खाली घालून उभा राहिला.

"डबा माझा हाये."

"मग न्या ना जी. कोणी धरून ठेवला?"

तो हलेना. "पाणी द्या थोडं."

"हौदातलं?"

शेजारी पार्बता होती, हौदावरची जुनी बाई, जिभेची तिखट. ती पदरात तोंड घालून हसली. फुलवंतानं माठातलं पाणी दिलं. त्यानं गिलास वर धरला, पाण्यावर पत्र्याच्या छपरातला एक कवडसा हलत होता. तो कवडशासकट प्याला. पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात व्हायचं ते झालं.

दुसऱ्या डब्याला भोक आपोआप पडलं नाही.

डाख ओढला की क्षणभर तो पाऱ्यासारखा हलतो, मग गोठतो. त्या क्षणात शालिकनं बाभळीचा काटा टोचला, काढला. बस. आळीत ज्या घराचं भांडं कधी गळलं नाही, त्या घराच्या पोरानं आपल्या हातानं डब्याला भोक पाडलं. डबा हौदात गेला. खडूचा गोल आला. तो उठला, गेला, पाणी मागितलं, प्याला, आला.

मग तिसरा. मग त्याच्या पुढचा.

भोक दरवेळी एकाच जागी. झाकणाखाली, सांध्याच्या डाव्या अंगाला, माणसाचं काळीज असतं तिथे. त्याला वाटायचं, हिला कळेल. पाण्याखालचा एवढासा श्वास जिला दिसतो, तिला हे कसं नाही दिसणार? दुसऱ्या कुणाच्या हातून भोक सुटेल, हिच्या डोळ्यातून नाही, या भरवशावर तो काटा टोचायचा. तिची पाळी नसेल त्या दिवशी त्याचा एकही डबा गळत नव्हता.

अरे, बोल की मग एकदाचा. तोंड दिलंय, जीभ दिलीय. एवढा पत्रा जोडतोस, दोन शब्द जोडता येत नाहीत? पण नाही. तो काटा टोचायचा आणि वाट बघायचा. संध्याकाळी बापाच्या समोर जेवायला बसला की उजवा हात ताटाखाली लपवावासा वाटायचा.

आणि फुलवंताला दिसायचं ते एवढंच, की हा पोरगा चांगला आहे, आणि याचा डाख वाईट आहे.

माघ गेला. पळसाला कळ्या आल्या, काळ्या, मखमली, मिटल्या मुठीसारख्या. एका दुपारी पार्बतानं शालिकला माठापाशी गाठलं.

"काय गा, तुमच्या आळीत बोलायला बंदी हाये का? का आमच्या माठाचं पाणीच गोड लागते?"

तो नुसता हसला.

"हसू नको. चैत्रात तिचं लगन ठरून राह्यलं. तलावाच्या पल्याडचा पोरगा हाये. सोताचा डोंगा हाये त्याच्याजवळ. तू काय, भोकंच पाडत राहशील?"

शालिकनं गिलास माठावर उपडा ठेवला. सगळ्या शेडला माहीत होतं तर. "होळी झाली की सांगतो," तो म्हणाला.

होळी झाली की. जसं काय होळी त्याच्यासाठीच थांबणार होती.

होळीच्या आधी ट्रक आला.

ट्रकात नवे डबे होते. काळे, चकचकीत, प्लास्टिकचे. साच्यातून एका दमात जन्मलेले, असांध, अखंड, अबोल. ना पत्रा, ना डाख, ना कडेला कडा. सांधाच नाही, तर गळणार कुठून? माणसं त्यांच्याभोवती उभी राहिली, हात लावून सांधा शोधत राहिली. लाकडाचं पिंप गेलं तेव्हा सुतार असेच उभे राहिले असतील. प्रत्येक नवा डबा जुन्या हातावर झाकण लावूनच येतो.

डाखाची शेड बंद होणार होती. जुन्या डब्यांच्या दुरुस्तीला थोडे हात ठेवणार, चांगले तेवढे. बाकीचे घरी. कामावर देखरेख करणारे चार्जमन उपरीकर कोणाचा हात कसा, ते शेडीशेडीतून विचारत फिरायला लागले.

त्या दिवशी पुन्हा शालिकचा डबा परत आला. हा शेवटचा, असं ठरवून टोचलेला. पाणी प्यायचं आणि बोलायचं. त्यानं वाक्य जुळवलं होतं, घासलं होतं, लखलखीत केलं होतं.

पण फुलवंतानं आज गिलास भरलाच नाही.

"एक सांगा जी. तुम्ही मन लावून काहून नाही करत?"

तरी त्यानं रिकामा गिलास पुढे धरला.

"माझा चुलतभाऊ तोफेवर हाये. असा डबा माझ्या नजरेतून सुटला, न् त्याच्या तोफेत गेला, तं?" तिचे डोळे भरून आले होते, रागानं. "रोज एकाच जाग्यावर. रोज. काय होते तुम्हाला त्या जाग्यावर?"

हा होता क्षण. असा उघडा, असा तयार, डाखासारखा हलता. एक शब्द टोचायचा होता.

"हात चुकतो," शालिक म्हणाला.

आणि क्षण गोठला.

उपरीकर आले तेव्हा तो अजून तिथेच होता, रिकामा गिलास धरून. साहेबांनी हौदाकडे बघत विचारलं, "फुलवंताबाई, कोणाचे डबे जास्त वापस जातात? खरं सांगा. पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे."

फुलवंता खरंच बोलायची. तिला दुसरं येतच नव्हतं.

"शालिकचे."

"काय होतं त्याला?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. थोडी तरी त्याची बाजू घ्यावी म्हणून तिनं त्याचेच शब्द उचलले, जपून, ओंजळीत धरल्यासारखे. "हात चुकतो त्यांचा."

मुद्दाम केलं म्हटलं तर तुरुंग. चुकून झालं म्हटलं तर घर. आणि तुझ्यासाठी केलं म्हटलं तर? ते म्हणायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. फक्त काटा होता. शालिकनं मान हलवली. हो, चुकतो. त्याचं नाव घरी जाणाऱ्यांत लागलं.

होळी पेटली, विझली. राख वाऱ्यावर हौदापर्यंत आली. काळे डबे पाण्यात जायचे, वर यायचे, पाणी गप्प ते गप्प. फुलवंता दिवसभर बघत बसायची. बघण्यासारखं काही नव्हतं.

"आता तुझ्या डोळ्याले आराम," पार्बता म्हणाली. मग हळूच, "पोरगा गेला बिचारा. तू त्याले नाही म्हटलं का वो?"

"कशाले नाही?"

पार्बतानं तिच्याकडे बघितलं, बघतच राहिली. "माय वो. मले वाटलं तुले ठाऊक हाये. अख्ख्या शेडीले ठाऊक हाये. त्याचा हात नव्हता चुकत. तुझ्याकडे यायले तो काटा टोचे."

हौदाचं पाणी तसंच राहिलं. सपाट, हिरवं, निर्विकार. जिनं पाण्याखालचा प्रत्येक श्वास टिपला, तिला समोर उभ्या माणसाचा श्वास दिसला नव्हता. तिनं मनात एक एक डबा पुन्हा बुडवला. डावं अंग. डावं अंग. डावं अंग.

दुसऱ्या दिवशी ती कासारआळीत गेली. आळी ओस, बंद भट्ट्यांची, जुन्या ठोक्यांची नुसती आठवण अंगावर घेऊन बसलेली. शालिकचा बाप ओट्यावर होता. समोर एक पितळी गुंड, अर्धवट घडवलेला.

"शालिक आहेत का जी?"

"ट्रकावर गेला. ड्रायव्हरच्या हाताखाली, किन्नर म्हणून. रायपूरकडे का कुठे, सांगून नाही गेला." म्हाताऱ्यानं गुंडावरून बोट फिरवलं. "तुम्ही कारखान्यातल्या?"

"हो."

"मग ऐकलं असेल तुम्ही. आमच्या घरचं भांडं कधी गळलं नाही, बाई. आज्याच्या वेळेपासून नाही. पोरगंच गळकं निघालं. आळीनं तोंडावर नाही म्हटलं काही, पण माझ्यासमोरून जाताना आता कोणी थांबत नाही."

ऊन ओट्यावर चढत होतं. फुलवंताच्या ओठाशी सगळं आलं होतं. त्याचा हात या आळीतला सगळ्यात चांगला हात होता, हे आलं होतं. पण मग भोक कसं पडलं, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येणार होता. आणि आपल्या पोरानं भांड्याला आपल्या हातानं भोक पाडलं, हे या म्हाताऱ्याला ऐकवायचं? वाईट हात आळी विसरून जाते. मुद्दाम पाडलेलं भोक विसरत नाही.

"हात चांगला होता त्यांचा," ती एवढंच म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान वर केली. "मग काय चुकलं?"

तिनं तोंड उघडलं. आणि मिटलं. शालिक मिटायचा, अगदी तसंच.

चैत्रात पळस झडला. पालवी फुटली, कोवळी, ताम्रपर्ण, कुणाच्याही दुःखाची पर्वा न करणारी. वरात पाण्यावरून गेली. डोंग्याच्या टोकाला आंब्याची डहाळी बांधलेली, मागच्या डोंग्यात बाया गात होत्या. नवरा स्वतः वल्हवत होता. भला होता, हसरा होता, तिला ऊन लागू नये म्हणून वाकडं वाकडं वल्हवत होता.

"काय बघते पाण्यात?" त्यानं विचारलं.

"काही नाही," फुलवंता म्हणाली.

वल्हं पाण्यात शिरायचं, पाणी फाटायचं. वल्हं बाहेर यायचं, पाणी मिटायचं. ना कड, ना सांधा, ना वण. गाव लहान झालं, काठ पुसट झाला, गाणं वाऱ्यावर तुटत गेलं. मागे वळून बघावं तर डोंगा कुठून आला त्याची वाटही पाण्यावर नव्हती. पाणी फाटत होतं. पाणी मिटत होतं. मिटत होतं.