पंधरावा दिवस

व्हर्लिन स्टॉफरचा फोन रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी यायचा. ऑफिस नऊला उघडतं, आणि आलेल्या बाईला कोट खुंटीला लावायला पाच मिनिटं द्यावीत, एवढी समज त्याला होती.

"आज कितवा?" तो विचारायचा.

"सातवा," लॉर्ना सांगायची.

"म्हणजे आठ राहिले. बरंय पोरी, कॉफी घे आता."

झालं, संपला फोन. व्हर्लिन चौऱ्याहत्तर वर्षांचा, उभा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर लोखंड मापात कातण्यात गेलेला. त्याचा नातू टोबी तिकडे वाळवंटातल्या लष्करी तळावर विमानांत इंधन भरायच्या कामाला होता. लॉर्ना प्रुसाकची मुलगी मार्नी त्याच तळावर नर्स. ओहायोतल्या त्या एवढ्याशा गावातून तिथे गेलेली ही दोनच माणसं. तळावर आठवड्यातून दोनदा तरी ड्रोन येऊन पडायचे. दोनदा पडले की लॉर्नाला वाटायचं, चला, या आठवड्याचे संपले. माणूस काय काय हिशेब करतो!

युद्ध राष्ट्राध्यक्षांनी सुरू केलं होतं. एका रविवारी टीव्हीवर आले, सांगितलं आणि गेले. कुणाला विचारलं नाही. आता घटना म्हणते की युद्धाचा निर्णय संसदेने घ्यायचा. पण घटनेला विचारतो कोण? तरी त्यावर उतारा म्हणून एक कायदा आहे. एखाद्या सदस्याने युद्ध थांबवायचा ठराव मांडला की पंधरा दिवसांत तो मतदानाला घ्यावाच लागतो. टाळायची सोय नाही. असा ठराव मांडला गेला होता आणि तो पास होईल, असं पेपरवालेसुद्धा म्हणत होते. म्हणून ही मोजणी.

लॉर्ना खासदार ग्लेन हॉबर्टच्या गावातल्या ऑफिसात चौदा वर्षं होती. त्याआधी दोघं शाळेत एका वर्गात. युद्धाबद्दल विचारलं की ग्लेन हात वर करायचा. "माझ्या हातात काय आहे, लॉर्ना? सगळं त्यांच्या हातात." पण ठराव आल्यावर त्याचा आवाज बदलला होता. "मत समोर येऊ दे. मार्नी माझ्या मांडीवर खेळलीय. काय करायचं ते मला कळतं."

तिने त्या शब्दावर दोन आठवडे काढायचे ठरवले होते.

दहाव्या दिवशी, गुरुवारी, लॉर्ना आठलाच ऑफिसात आली होती, तेव्हा वॉशिंग्टनच्या ऑफिसातून निरोप आला: कुणी विचारलं तर आज नववा दिवस आहे असं सांगा. लॉर्नाला वाटलं, चुकून लिहिलं असेल. तिने फोन केला. तिकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "चूक नाहीये. काल पूल आणि रस्त्यांचं विधेयक चर्चेला घेतलं ना, त्याच्या नियमांत एक ओळ होती. या ठरावासाठी आजपासून अधिवेशन संपेपर्यंत कुठलाच दिवस हा दिवस धरायचा नाही."

"म्हणजे आज गुरुवार नाही?"

"गुरुवार आहे. मोजायचा नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही. डिसेंबरपर्यंत नाही."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. त्या सभागृहात राहतं. चारशे मोठी माणसं, सुटाबुटातली, बसून मतदान करतात की उद्या उजाडणार नाही; आणि नाही उजाडत. पूल-रस्त्यांच्या विधेयकात कोण बघायला जातंय?

लॉर्नाने मतदानाची यादी मागवली. ती ओळ अवघ्या एका मताच्या फरकाने पास झाली होती. होकाराच्या रकान्यात हॉबर्टचं नाव होतं.

नऊ-पाचला फोन वाजला. "आज दहावा," व्हर्लिन स्वतःच म्हणाला. त्याला विचारायची गरज वाटली नाही.

"नववा," लॉर्ना म्हणाली. पलीकडे त्याने कॅलेंडर चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "काल मी चुकलो असेन."

शुक्रवारी दुपारी ग्लेन आला. खुर्चीत बसला, बूट सैल केले. लॉर्नाने यादी त्याच्यासमोर ठेवली.

"मत देण्याआधी तू हे वाचलं होतंस?"

"चारशे पानं होती, लॉर्ना."

"किती पानं होती ते मी विचारत नाहीये."

ग्लेनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वाचलं होतं," तो म्हणाला.

ती उभीच राहिली. 

"ऐकून घे," ग्लेन म्हणाला. "ठराव पास केला आणि उद्या कुठे काही झालं, तर राष्ट्राध्यक्ष म्हणणार, संसदेने शेपूट घातलं. ठराव पाडला, तर येणारी प्रत्येक शवपेटी आमच्या नावावर. मत झालंच नाही तर युद्ध त्यांचं. जिंकलं तरी त्यांचं, हरलं तरी त्यांचं. भिजत पडलेलं घोंगडं बरं, असं दोन्ही बाजूंचे लोक म्हणतात. उघड कुणी म्हणत नाही, एवढंच."

"युद्ध सुरू झाल्यापासून सात आठवडे तू मला सांगतोयस, तुझ्या हातात काही नाही."

"नाहीच आहे. कागदावर आहे."

"एका मताने पास झालंय हे. तुझ्या मताने. मी सात आठवडे त्या राष्ट्राध्यक्षाला शिव्या घालतेय, ग्लेन, टीव्हीसमोर बसून. आणि तुझा कोट इस्त्रीला मी टाकते."

ग्लेनने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तो वाईट माणूस नव्हता. तेच तर कठीण होतं. वाईट असता तर लॉर्ना चौदा वर्षं राहिली नसती. खिडकीबाहेर बघून शेवटी तो म्हणाला, "जर्मनीतल्या लष्करी हॉस्पिटलात नर्स कमी आहेत. मी लष्कराच्या समितीवर आहे. एक फोन करावा लागेल."

लॉर्नाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मार्नीला?"

"मार्नीला."

तिच्या मनात टोबी आला. ओठांवर आला म्हणा ना. पण दोघांसाठी मागायला जावं आणि ग्लेनने दोघांनाही नाही म्हणावं, ही भीती त्याच्याही आधी आली. ज्याला तिच्या जागी राहून दुसरं काही सुचलं असतं, त्याने खुशाल तिला नावं ठेवावीत.

"कर," ती म्हणाली.

ग्लेनने तिथेच फोन लावला. कुणा जनरलच्या बायकोची तब्येत विचारली, मासेमारीच्या गप्पा झाल्या, मग मार्नीचं नाव आणि नंबर सांगितला. चार मिनिटं लागली. लॉर्नाने त्याचे आभार मानले. अगदी मनापासून मानले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून रडली.

दहा दिवसांनी मार्नी जर्मनीत पोचली. फोनवर म्हणाली, "आई, इथे किती शांत आहे गं. पण कसं काय एकदम? आमच्यातल्या कुणालाच बदली मिळत नाहीये." लॉर्ना म्हणाली, "नशीब तुझं. जेवलीस का?"

व्हर्लिनचे फोन येतच होते. "नववा," ती सांगायची. आता तो पुढे काही म्हणायचा नाही, कॉफीचंही नाही. एका सोमवारी मात्र फोन आला नाही, माणूसच आला. धुतलेला शर्ट, ओले विंचरलेले केस, हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद.

"मला कळलं ते दिवसांचं," तो खुर्चीत बसत म्हणाला. "लायब्ररीतल्या बाईने शोधून दिलं. तुझ्यावर राग नाही, तुला जे सांगतात तेच तू सांगणार. हे पत्र लिहिलंय ग्लेनला. साधंच आहे. दिवस मोजा आणि मत द्या, काय द्यायचं ते द्या. गावात चारशे सह्या होतील. पण पहिली तुझी हवी. त्याच्या ऑफिसातली बाई, आणि वर आई. तुझं नाव वर असलं तर त्याला तोंड फिरवता यायचं नाही."

त्याने पेन पुढे केलं. लॉर्नाने ते घेतलं नाही.

"मार्नी तिथे नाहीये आता," ती म्हणाली. "जर्मनीत आहे."

"अरे वा," व्हर्लिन म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उजळला. "कधी? टोबी काही बोलला नाही. तिथून तर कुणालाच सोडत नाहीत म्हणे."

लॉर्ना टेबलाकडे बघत राहिली. आतल्या खोलीत ग्लेन फोनवर हसत होता, ते दोघांनाही ऐकू येत होतं. व्हर्लिनने त्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लेथवर जन्म काढलेला माणूस, त्याला मापं घ्यायला वेळ लागत नाही.

त्याने पेन परत खिशात ठेवलं.

"मी सांगणार होते," लॉर्ना म्हणाली. "टोबीचं नावसुद्धा... माझ्या तोंडात आलं होतं, व्हर्लिन."

"असू दे, पोरी." तो टेबलाला धरून सावकाश उठला आणि पुठ्ठा काखेत घेतला. "मला विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं. मला कुणी विचारलं नाही, एवढंच."