डब्यावरची बारीक अक्षरं

"यात बकरा हाय का, बघ ना ताई."

फागीने मिठाईचा डबा औषधांच्या दुकानात काउंटरवर ठेवला, तसे बाकड्यावर बसलेले दोघे हसले. मोखाड्याच्या बाजाराचा दिवस होता. दुकानदार अवंती मात्र हसली नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी दिलेले फागीचे कागद तिनेच वाचून दाखवले होते.

वांगणीच्या माळावर फागीने तीस वर्षं शेरडं राखली. त्यांच्या अंगावरच्या गोचिडी हाताने वेचल्या. त्या तिलाही चावत, पण त्याचं कोणाला काय? गेल्या वर्षापासून मटण खाल्लं की तीन-चार तासांनी अंगभर गांधी उठू लागल्या. मग झेंडावंदनाला मिळालेल्या मऊ, रंगीत जेलीच्या गोळ्या तिने सकाळी खाल्ल्या आणि दुपारी घसा आवळला. जीपमध्ये आडवी घालून तिला जव्हारला न्यावं लागलं. गोचीड चावल्यानेच ही अ‍ॅलर्जी आल्याचं डॉक्टरांनी पुढे सांगितलं. चार पायांच्या जनावराचं मांस बंद, जेलीच्या गोळ्यांत असतं ते कातडी-हाडांपासून केलेलं जिलेटिन बंद. दूध काहींना चालतं, काहींना नाही. फागीचे ओठ खव्यानेही सुजले होते.

उद्या मीनाचा, तिच्या एकुलत्या एका मुलीचा साखरपुडा होता. जामसरच्या, मुलाकडच्या मंडळींनी मिठाईचा एक डबा आधीच पाठवला होता. उद्या तीच मिठाई ते भरवणार होते.

"हिरवा ठिपका हाय. माझा नवरा बोलला, खा."

"हिरवा म्हणजे मांस नाही, जिलेटिन नाही. दूध असू शकतं, मावशी." अवंतीने मोबाइलवर फोटो काढून अक्षरं मोठी केली. "दुधाची पावडर. तूप."

"थोडंच आसंल."

"किती, ते लिहिलेलं नाही."

अवंतीने डब्यावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस तीनदा म्हणाला, शुद्ध शाकाहारी आहे मॅडम. दुधाचं त्याला सांगता येईना.

फागी उठली, रस्त्यावर जीप भरतेय का ते पाहून आली, बसली, पुन्हा उठली.

"आधी औषधाची गोळी घेतली न् मग एकच तुकडा खाल्ला तर?"

"नको. घसा आवळला तर गोळी पुरणार नाही. वांगणीहून दवाखाना गाठेपर्यंत काय करणार?"

"इहीण भरवणार न् मी तोंड फिरवू? पोरीला जन्मभर बोलतील."

अवंतीने डबा तिच्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी मांडवात मुलाच्या आईने, पारूने, मिठाईचा तुकडा फागीच्या ओठांजवळ नेला. फागीने तिचं मनगट हलकेच धरलं. मीनाची मान खाली गेली.

"आमच्या हातचं नाय चालत?" पारूने विचारलं.

"तुमच्या हातचं चालतं. ह्या मिठाईनं माझा जीव जातो, इहीणबाई. पाणी द्या."

मागे कोणीतरी कुजबुजलं. पारूने तुकडा ताटात ठेवला, हात पदराला पुसला आणि तांब्या उचलला.

फागीने ओंजळ पुढे केली. पारू ओतत राहिली आणि तांब्या रिकामा होईपर्यंत फागी पीत राहिली.