लिफ्ट इन्स्पेक्टरची तपासणी

गेली सव्वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या लिफ्ट तपासत होता आणि या सव्वीस वर्षांत त्याच्या सहीची एकही लिफ्ट पडली नव्हती. ही गोष्ट तो स्वतःहून कुणाला सांगत नसे. फक्त बोलणं कुठूनही सुरू झालं तरी पाच मिनिटांत तिथे येऊन थांबत असे. ऑफिसात त्याला मागून ‘शिक्का’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि तो ते कौतुक समजत असे.

त्यामुळे बायकोचा रिपोर्ट आला आणि त्यात एचपीव्ही नावाचा विषाणू निघाला, तेव्हा त्याने कागद जेवणाच्या टेबलावर सरळ रेषेत ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “आला कधी?”

“कोण?”

“विषाणू.”

“मला सांगून नाही आला,” बायको म्हणाली. तिचं चौकात चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, त्यामुळे समोरच्याला काय दिसत नाही हे तिला पटकन कळे. “गुरुवारी अकराला डॉक्टरांनी बोलावलंय. भिंगातून गर्भाशयाचं तोंड बघणार आहेत. काही बदल असेल तर वेळेत सापडेल.”

“ते ठीक. पण आला कुठून?”

हा विषाणू संबंधातून येतो, एवढं त्याने फोनवर वाचून काढलं होतं. म्हणजे उगम दोनच. एक समोर बसून टोमॅटो चिरत होता. दुसरा तो स्वतः. बायकोबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. काळजी स्वतःचीच होती. लग्नाआधी, ट्रेनिंगच्या काळात, एक ओळख झाली होती. ती चार महिने टिकली आणि तिच्याविषयी त्याने घरात आजवर कसलंही निवेदन केलं नव्हतं. आपण निर्दोष ठरावं, एवढीच त्याची इच्छा होती. आपण निर्दोष ठरलो तर दोषी कोण ठरतं, हा पुढचा प्रश्न त्याच्या फॉर्ममध्ये नव्हता.

“गुरुवारचं पुढे ढकलू,” तो म्हणाला. “आधी माझी तपासणी होऊ दे. एकतर्फी चौकशी बरी नाही.”

बायकोने सुरी खाली ठेवली. “तुमची चौकशी चालू द्या. माझी वेळ गुरुवारचीच. यायचं तर नवरा म्हणून या. इन्स्पेक्टर म्हणून येणार असाल तर मी एकटी जाईन. आणि मग एकटीनेच जायची सवय करून घेईन, कायमची.”

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती दुकानात चष्म्याचा नंबर सांगते त्या आवाजात बोलली होती. त्या रात्रीपासून तो बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपू लागला, चौकशी पूर्ण होईपर्यंत. त्याला निलंबित कुणीच केलं नव्हतं.

सोमवारी तो बायकोच्याच डॉक्टरीणबाईंकडे गेला. “माझी तपासणी करा.”

“पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही.”

“नाही म्हणजे?”

“भरवसा ठेवावा अशी नाही. बायकांचा धोका मुख्यतः एका जागी असतो, ती जागा बघता येते, म्हणून तपासणी आहे. तुमच्याकडे अशी सोयीची जागा नाही.”

“म्हणजे निम्मी माणसं विनातपासणी चालू आहेत?”

“हो. आणि मजेत.”

त्याने वही काढली. डॉक्टरीणबाईंनी वहीकडे पाहिलं आणि सावकाश, लिहून घेता येईल अशा गतीने सांगितलं, “बायकांमध्ये हा तरुणपणी जास्त सापडतो, वयाबरोबर कमी होतो. पुरुषांमध्ये विशीत काय, पन्नाशीत काय, प्रमाण साधारण तेवढंच. बायकांचं शरीर या विषाणूशी एकदा भेट झाली की बऱ्याचदा ओळख लक्षात ठेवतं. पुरुषांचं तेवढं ठेवत नाही. तोच पुन्हा आला तरी नवा पाहुणा.”

“आणि नुकसान?”

“बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर. घशातला, टॉन्सिलचा नि जिभेच्या मुळाशी होणारा, तो मात्र पुरुषांना जास्त. मानेला गाठ आली आणि तीन आठवड्यांत गेली नाही, तर दाखवा. पण घाबरू नका. बहुतेकांना हा कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो.”

“कुणाकडून कुणाला गेला, ते?”

“कुठलीच तपासणी सांगत नाही. मागच्या वर्षी आला असेल, वीस वर्षं गुपचूप पडून असेल. मुलं आहेत ना? लस दिली?”

“मुलीला शाळेत दिली.”

“आणि मुलाला?”

“तो तेरा वर्षांचा आहे. म्हणजे… मुलगा आहे.”

“मुलांनाही देतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तो बाहेर पडला तो खात्री करूनच, की या बाईंना काम नको आहे. ‘हे तपासता येत नाही’ असं ठेकेदार म्हणतो तेव्हा ब्रेकला दहा वर्षांत कुणी हात लावलेला नसतो, हा त्याचा अनुभव होता. पहिल्या दोन लॅबनी त्याला नम्रपणे वाटेला लावलं. तिसरी चपलांच्या दुकानावर होती आणि ‘सर्व तपासण्या होतील’ अशी पाटी होती. तिथल्या माणसाने काही न विचारता नमुना घेतला. कसा घेतला, हे त्याने पुढे आयुष्यात कुणाला सांगितलं नाही.

बुधवारी संध्याकाळी रिपोर्ट आला. ठळक अक्षरांत, मधोमध: विषाणू आढळला नाही. त्याने तो टेबलावर ठेवला. सरळ रेषेत.

बायकोने वाचला. वरून खालपर्यंत, धंद्याच्या सवयीने. मग कागद त्याच्याकडे फिरवला. “शेवटची ओळ वाचा.”

त्याने कागद लांब धरला. जवळ आणला. पुन्हा लांब धरला. “बारीक छापलंय.”

“तीन वर्षं सांगतेय, नंबर वाढलाय. दुकानात या म्हटलं की म्हणता, मला काही झालेलं नाही.” तिने त्याचा जुना चष्मा उतरवला आणि पर्समधून नवा काढून त्याच्या नाकावर ठेवला. तो अंदाजाने बनवून ती वर्षभर बाळगत होती. “वाचा आता.”

“गर्भाशयमुखाचा नमुना,” त्याने वाचलं, “समाधानकारक.”

“त्याच्या वरची.”

“शेवटची मासिक पाळी. नोंद उपलब्ध नाही.”

“अभिनंदन,” बायको म्हणाली. “सगळं जागच्या जागी आहे तुमचं.”

लॅबकडे एकच छापील नमुना होता, बायकांचा, आणि त्यांनी त्यात त्याला बसवून टाकलं होतं. सव्वीस वर्षांत न वाचता त्याने एकही कागद पुढे केला नव्हता; हा पहिला. तो हसू पाहत होता. पण बायको हसत नव्हती.

“समजा हा कागद खरा असता,” ती म्हणाली, “तर तो माझ्याबद्दल काय सांगतो?”

त्याने कागदाकडे पाहिलं. नव्या चष्म्यातून ते फारच स्वच्छ दिसत होतं.

“मला तसं म्हणायचं नव्हतं,” तो म्हणाला. “मला फक्त… ट्रेनिंगला असताना एक—”

“चार महिने. ठाऊक आहे. तुमच्या ताईंनी लग्नाच्या आठवड्यातच सांगितलं.”

“आणि तू बावीस वर्षं बोलली नाहीस?”

“लग्नाआधीचं एक माझ्याकडेही आहे. तुम्ही विचारलं नाहीत, मी फॉर्म भरला नाही.”

त्याच्या मनात तीन उपप्रश्न आले. त्याने ते तोंडापर्यंत आणले आणि गिळले. त्यातला तिसरा जरा घशात अडकला.

“लिफ्ट मधेच अडकली की तुम्ही पहिल्यांदा काय करता?” बायकोने विचारलं.

“आधी माणसं बाहेर, मग चौकशी.” हे वाक्य तो झोपेतही म्हणू शकत असे.

“मी अजून आत आहे,” बायको म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

गुरुवारी अकराला दहा मिनिटं असताना दोघं हॉस्पिटलच्या लिफ्टसमोर उभे होते. चौथा मजला. दार उघडलं. सवयीने त्याची नजर आत डाव्या कोपऱ्यात गेली, जिथे प्रमाणपत्र लावतात. जुन्या चष्म्यातून तारीख दिसली नसती. नव्यातून दिसली: मुदत संपून अकरा दिवस. अशा वेळी तो काय करतो, हे त्याच्याइतकंच बायकोला माहीत होतं. ती दार धरून उभी राहिली.

“येताय?”

तो आत शिरला. वर जाताना त्याने फक्त दोराच्या आवाजाकडे कान दिला. आवाज बरा होता.

पंचवीस मिनिटं तो बाकावर बसून राहिला, हातात एकही कागद नसताना. मग आत बोलावणं आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अगदी किरकोळ बदल आहे. बहुधा आपोआप जाईल. वर्षभराने पुन्हा बघू. काही विचारायचंय?” आणि त्यांनी खुर्चीत मागे टेकून तयारी केली.

“मुलाला लसीसाठी कधी आणू?” त्याने विचारलं.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा, त्या आठवड्यात पहिल्यांदाच, हसली.

परतताना लिफ्टपाशी त्याने खिशातून ओळखपत्र काढलं, चौकीदाराला बोलावलं, आतली दोन माणसं उतरवली आणि दारावर ‘बंद’ची पाटी लावून घेतली. मग वही काढून तारीख टिपली. चौकीदार कुरकुरला, “साहेब, वर जाताना दिसलं नव्हतं का?”

“दिसलं होतं.”

“मग?”

“अकरा वाजत आले होते,” तो म्हणाला आणि बायकोच्या मागोमाग जिना उतरू लागला.